मायच्या चादरीवरचे लाल किडे

भाव वाढेल म्हणून त्या वर्षी कापूस बैठकीतच रचला होता. त्याला लागूनच मायची खाट. एका सकाळी तिच्या चादरीवर लाल किडे दिसले. घरचे म्हणाले, ढेकूण. पण ढेकणाला पंख नसतात. यांच्या पंखांवर काळे ठिपके होते. खात्री करायला एक किडा डबीत घालून पांढरकवड्याला, शेतीच्या औषधांच्या दुकानात नेला.

दुकानदाराने डबी उघडलीही नाही. कपाशीवर फवारायचे विष पुढे करून म्हणाला, “खाटेवर मारा, भाऊ.”

“तिथं माय झोपते!”

“मंग तिले दोन रोज ओसरीत झोपवा.”

बाटली तिथेच ठेवून मी संतापून परतलो. नंतर दुसरीकडे विचारल्यावर कळले, हा किडा सरकीचा रस पितो, माणसाला चावत नाही. मायची खाट कापसापासून दूर नेली, चादर झटकली, तेवढ्याने भागले. डबी उघडायला त्याला असा किती वेळ लागला असता?