मच्छिंद्रचा नवा प्रोग्राम

कुंभार पिंपळगावच्या बाजाराच्या रस्त्यावर मच्छिंद्रचा फोटो स्टुडिओ आणि त्याला लागून माझं शिलाईचं दुकान. मच्छिंद्र हाताचा हुशार माणूस, पण इतका संशयी की मी चहा पाजला तरी आधी माझ्या तोंडाकडे बघायचा, आज हे कशासाठी म्हणून.

२००३ साली त्याचा जुना कॉम्प्युटर बसला. जालन्याहून नवा आणला, तर त्यात त्याच्या सवयीचा फोटोचा प्रोग्राम चालेना. दुकानदाराने फोटोशॉप टाकून दिलं. मच्छिंद्रला ते पहिल्या दिवसापासून खटकलं. जुन्यात एकदा पुसलं की विषय संपला. ह्यात म्हणे एकावर एक थर, आणि झाकलेलं खाली तसंच राहतं. मग पुसलं काय डोंबल, असं मला विचारायचा. जणू तो प्रोग्राम मीच शिवून दिला होता.

आमच्याकडे नवरा गेला की घरचे लोक जोडप्याचा फोटो घेऊन त्याच्याकडे येत. तो मोठा करायचा आणि शेजारी बसलेल्या बायकोच्या कपाळावरचं कुंकू पुसायचं. हे सांगावंही लागत नसे. मला ते कधीच आवडलं नाही, पण मला विचारतो कोण?

त्या वर्षी सर्जेराव आपल्या मयत भावाचा फोटो घेऊन आला. भावजय साळूबाई दाराशीच उभी राहिली. नवराबायकोचा तेवढा एकच फोटो होता. मच्छिंद्रने वरच्या थरावर कपाळ साफ केलं. पण मनात शंकेची पाल चुकचुकतच होती. कुंकू खरंच खाली आहे का, म्हणून त्याने वरचा थर बंद करून पाहिला. होतं, ठसठशीत लाल. मला हाक मारून दाखवलं, बघ, हा प्रोग्राम लबाड आहे म्हणाला, आणि त्या तावात वरचा थर बंद असतानाच सेव्ह करून सीडी जालन्याच्या लॅबला धाडली.

फोटो आला तेव्हा दीर-भावजय दोघंही आले, आणि सर्जेरावने पाकीट काउंटरवरच फोडलं. साळूबाईचं कपाळ भरलेलं. तो उखडलाच. हे मुद्दाम केलं, कुणी सांगितलं, असं विचारत त्याने भावजयीकडेही रोखून पाहिलं. मच्छिंद्र खजील झाला. आत्ता नीट करतो म्हणत त्याने माउस धरला.

साळूबाई पुढे आली आणि तिने फोटो हातात घेतला.

"फोटोत ते बसलेलेच हायेत की, भाऊजी. मंग त्यांच्या शेजारी माझं कपाळ कशापायी मोकळं?"

सर्जेराव मात्र मच्छिंद्रकडे वळून म्हणाला, पूस. काम एका टिचकीचं होतं, ते मच्छिंद्रला ठाऊक होतं आणि मलाही. मच्छिंद्रने माउस सोडला.

"मला हा प्रोग्राम येत न्हाई, सर्जेराव," तो म्हणाला.

दीर आणखी काही बोलायच्या आत साळूबाई फोटो पदराखाली घेऊन रस्त्याला लागली होती.