बैल जेवल्याशिवाय

माझ्या सासरी पोळ्याची पहिली पुरणपोळी बैलाची. बैलानं घास गिळल्याशिवाय घरातल्या कुणी, अगदी आजारी माणसानंही, तोंडात काही घालायचं नाही. पाणी चालतं. चहाबद्दल घरात दोन मतं होती आणि दोन्ही माझ्या सासूबाईंचीच होती. कधी चालायचा, कधी नाही.

सासर लासूर स्टेशनपासून आत असलेल्या एका खेड्यातलं. नवरा वाळूजला एका कंपनीत लागला म्हणून आम्ही लग्नानंतर बजाजनगरात दोन खोल्या घेऊन राहत होतो, पण पोळ्याला न चुकता गावी जायचो. एका वर्षी मात्र थोरल्या दिरांनी उन्हाळ्यातच बैलजोडी बाजारात विकली. भाड्यानं ट्रॅक्टर लावला की दोन दिवसांत रान मोकळं होतं, वर्षभर वैरण बघावी लागत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. पोळ्याच्या आदल्या दिवशी सासूबाईंनी गुळाची ढेप पिशवीत घातली, लासूरला गाडीत बसल्या आणि संध्याकाळी आमच्या दारात उतरल्या.

“ज्या घरची दावण रिकामी, त्या घरी मी पोळ्याला राहणार नाय,” त्या म्हणाल्या.

नवरा जरा चाचरत म्हणाला, “आई, आमच्याकडं तर दावणच नाय.”

“नसलेली दावण रिकामी नसती,” त्या म्हणाल्या आणि पाय धुवायला गेल्या.

गावाकडं आदल्या संध्याकाळी बैलाच्या खांद्याला हळद-तूप चोळून त्याला आमंत्रण देतात. सासूबाईंनी आमच्या मागच्या दारात उभं राहून, समोरच्या पत्र्याच्या कुंपणाकडं तोंड करून तेच म्हटलं, “आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.” कुंपणाच्या पलीकडं कंपनीचं भंगार पडलेलं असायचं. मी म्हटलं, आत्याबाई, तिकडं कुणी नाही. त्या म्हणाल्या, “आवतण दिलं ना. आता कुणाला तरी जेवू घालावंच लागंल.”

सकाळी त्यांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. हरभऱ्याची डाळ शिजवून कट काढला, गूळ घालून पुरण आटवलं. माझा मिक्सर त्यांनी हात न लावता नुसता पाहिला आणि शेजारणीकडून पाटा-वरवंटा मागवला. पुरणात सुंठ, जायफळ आणि थोडी बडीशेप. वेलदोडा माणसांच्या पोळीत, बैलाच्या नाही, कारण बैलाला वेलदोड्यानं शिंका येतात. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं की मी आजही बैलाच्या पोळीत वेलदोडा घालत नाही. बैलाची पोळी तव्याएवढी आणि जाड. “त्याला जिभेनं कळाया पाहिजे का काहीतरी खाल्लं,” त्या म्हणाल्या. मग आमच्या पातळ पोळ्या, गुळवणी, कटाची आमटी, कुरडया, भजी. गल्लीभर वास गेला. समोरचे रिक्षावाले भाई, मूळचे खुलताबादचे, वासावरूनच दारात आले, तर सासूबाईंनी त्यांनाही जेवायचं आमंत्रण देऊन टाकलं.

नवरा पहिल्या पाळीहून परत आला तोवर सगळं झाकून ठेवलेलं होतं. त्यानं हात धुतले, पाटावर बसला.

“बैल कुठंय?” सासूबाई म्हणाल्या.

मी बाजारातून मातीची जोडी आणली होती. तिची पूजा सकाळीच झाली होती. ती मी पुढं केली.

“ही पुजायची. ही जेवती का?”

नवऱ्यानं मग पोटातली भूक आवरत पर्याय सुचवले. चौकात एक मोकाट वळू नेहमी भाजीवाल्यांमागं हिंडत असायचा. सासूबाई म्हणाल्या, तो आयतोबा आहे. पोळी कष्टाच्या बैलाची. कोपऱ्यावरच्या गोठ्यात म्हशी होत्या. त्यावर त्या नुसत्या नवऱ्याकडं बघत राहिल्या.

तेवढ्यात भाई जेवायला आले. काय झालं ते ऐकून म्हणाले, “अम्मा, टाकी के पास नंदीबैल आया है. मैं अब्बी देख के आया.”

आम्ही चौघं थाळी घेऊन पाण्याच्या टाकीपाशी गेलो. तिथं बायकांची रांग लागलेली. बजाजनगरातली निम्मी कुटुंबं कुठल्या ना कुठल्या खेड्यातून आलेली, आणि प्रत्येक घरात कुणीतरी पहिली पोळी बैलाची म्हणणारं होतंच. त्या सगळ्यांना मिळून हा एक नंदी. शिंगांना बेगड, अंगावर झूल, आणि पोट असं तटतटलेलं की झुलीच्या गोंड्यांनी वर तोंड केलेलं. तो लिंबाखाली बसला होता आणि कुणाकडंच बघत नव्हता.

“माय, आता पुरं,” त्याचा मालक प्रत्येकीला सांगत होता. “जनावर फुगलंय. उद्या मला त्याला घेऊन हिंडायचंय.”

“ह्यो काम काय करतो?” सासूबाईंनी विचारलं.

“मान हलवतो.”

सासूबाईंना ते पटेना. नवरा म्हणाला, “आई, आमच्या कंपनीत तेवढ्यावर लोक पगार घेतात.” त्या विचारात पडल्या. शेवटी म्हणाल्या, बरं, त्यालाच विचारू. मालकानं गळ्यातलं ढोलकं गुबुगुबू वाजवलं आणि नेहमीच्या सुरात विचारलं, “सांग नंदीबैला, आजीची पोळी खाणार का?”

नंदीनं सावकाश डावीकडं, मग उजवीकडं मान हलवली आणि एक सुस्कारा सोडला. मला वाटलं सासूबाई रागावतील. पण त्यांनी पोळीवर फडकं सारखं केलं. “आपणहून नाय म्हणाला. पाव्हण्याला जबरदस्ती करू नाही.”

मग भाईंनी रिक्षा काढली. सासूबाई मध्ये, मांडीवर थाळी; मी आणि नवरा दोन्ही बाजूंनी. कंपन्यांच्या फाटकांवरून, ट्रकांच्या रांगांमधून आम्ही हायवे ओलांडून आतल्या कच्च्या रस्त्याला लागलो. आदल्या दिवशी पाऊस झाला होता. काळ्या मातीत रिक्षाचं पुढचं चाक इकडं-तिकडं सरकायचं आणि प्रत्येक वेळी सासूबाई थाळी वर उचलायच्या, आम्हाला मात्र कुणी धरत नव्हतं. नवऱ्याचं पोट इतकं वाजत होतं की भाईंनी एकदा रिक्षा थांबवून इंजिन तपासलं.

पहिल्याच वस्तीवर बैलांची मिरवणूक संपत आली होती. वेशीजवळच्या घरासमोर एक म्हातारा शेतकरी आपली जोडी दावणीला बांधत होता. पांढरी, उंच जोडी, शिंगं लाल रंगवलेली, कपाळाला बाशिंगं. सासूबाई रिक्षातून उतरल्या, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “दादा, एक घास घालायचाय.”

म्हाताऱ्यानं थाळीकडं पाहिलं, रिक्षाकडं पाहिलं, भाईंकडं पाहिलं.

“कोण गाव?”

सासूबाईंनी गाव सांगितलं, जोडी विकल्याचं सांगितलं, आवतणाचं सांगितलं, नंदीनं नकार दिल्याचंही सांगितलं. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाला, “आक्का, बैलानं तुमचं काम केलंय का?”

“नाय.”

“मग त्यानं तुमची पोळी कामून खावी? फुकटचं खायाची सवय लागली म्हंजी?”

हे सासूबाईंचंच बोलणं होतं, वळूबद्दलचं. त्यांना ते इतकं पटलं की त्या मान डोलवायला लागल्या. मला भीती वाटली की आता आम्ही उपाशीच परत निघणार. नवरा घाईनं म्हणाला, “मग बाबा, काहीतरी काम सांगा ना त्याला आमचं. ही रिक्षा ओढू द्या चार पावलं.”

म्हातारा आणि सासूबाई दोघांनी एकदमच त्याच्याकडं वळून पाहिलं.

“आज बैलाला जुंपायचा?” म्हातारा म्हणाला.

“शिकलेलं हाय,” सासूबाई त्याला म्हणाल्या, जणू माफी मागत. “कंपनीत असतंय.”

तर अशी गोम होती. काम केल्याशिवाय बैलाला खायला घालायचं नाही आणि आज बैलाला काम लावायचं नाही. ओट्यावर म्हाताऱ्याची बायको येऊन बसली, शेजारचे दोघं-तिघं आले. प्रश्न काय आहे ते प्रत्येकाला पहिल्यापासून सांगावं लागलं आणि प्रत्येकाला तो रास्त वाटला. थट्टा कुणीच केली नाही. एकानं सुचवलं की काम उद्या करून घ्या, पोळी आज द्या. म्हातारा म्हणाला, उधारीवर बैल जेवत नाही.

सासूबाई बराच वेळ जोडीकडं बघत होत्या. मग म्हणाल्या, “दादा, रानात काय पिकवता?”

“खायपुरती बाजरी. इकायला कापूस.”

“कापूस कुठं घालता?”

“लासूरला.”

“लासूरचा कापूस कुठं जातो?”

“गिरणीत जात असंल. आम्हाला काय ठावं.”

“आन् गिरणीचा कपडा कोण घालतं?” सासूबाई म्हणाल्या. “आम्हीच की. मग तुमच्या बैलानं आमचं काम केलंच की.”

म्हाताऱ्यानं डोक्यावरची टोपी काढून परत घातली. तो सरळ माणूस होता, पण कच्चा नव्हता. सासूबाईंच्या लुगड्याचा पदर चिमटीत धरून त्याच्या बायकोनं पाहिला आणि म्हणाली, “ह्यो तर नायलॉनचा हाय.” माझी साडीही तशीच. भाईंचा शर्ट टेरिलीनचा. नवऱ्याच्या अंगावर कंपनीचा गणवेश, तोही पॉलिएस्टरचा. आम्ही एकमेकांकडं बघायला लागलो. चार माणसांच्या अंगावर सुताचा धागा नाही.

तेव्हा नवऱ्यानं शर्टाची बटणं सोडायला सुरुवात केली.

“बनियन,” तो म्हणाला. “बनियन सुती आहे.”

परक्या गावात, मिरवणुकीतून परतलेल्या माणसांसमोर, माझा नवरा शर्ट वर धरून उभा राहिला. म्हाताऱ्यानं पुढं येऊन बनियनचं टोक दोन बोटांत घेतलं, चोळलं, ताणून सोडलं. बायकोला हाक मारली. तिनंही चोळून पाहिलं. पाठीमागं भोक पडलं होतं. ते पाहून ती म्हणाली, “सुतीच हाय. नायलॉन असं इरत नाय.” मला अजून आठवतं, त्या क्षणी मला लाज नाही वाटली, हायसं वाटलं.

“या आक्का,” म्हातारा म्हणाला.

सासूबाईंनी बैलाच्या पायावर पाणी घातलं, हळद-कुंकू लावलं आणि पोळीवर तूप सोडलं. बैलानं आधी तूपच चाटलं. मग पोळी तोंडात घेतली आणि विडा धरावा तशी एका गालात धरून उभा राहिला. घरची पोळी त्याची केव्हाच झाली होती, भूक नव्हती. आम्ही सगळे त्याच्या गळ्याकडं बघत होतो. भाई हळूच म्हणाले, “खा ले रे बाबा. मेरे कू बी भूक लगी.” शेवटी त्याचा जबडा हलला, एकदा, दोनदा, आणि गळ्यातून घास खाली गेलेला आम्हा सगळ्यांना दिसला. सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. विकलेल्या जोडीबद्दल त्या गेल्या तीन-चार महिन्यांत पहिल्यांदाच रडल्या. म्हाताऱ्याची बायको त्यांच्या शेजारी जाऊन नुसती उभी राहिली.

पोळ्याला दारातून कुणी उपाशी जात नाही म्हणून त्यांनी आम्हाला तिथंच जेवायला बसवलं. सगळ्यात जास्त पोळ्या भाईंनी खाल्ल्या. सासूबाई डोळे पुसून होताच म्हणाल्या, पुरणात सुंठ कमी आहे. म्हाताऱ्याची बायको म्हणाली, तुमची बैलाची पोळी जरा कच्ची होती, म्हणून तो गालात धरून बसला. तिथून त्या दोघींचं जे बोलणं सुरू झालं, त्यातून त्यांना उठवताही येईना.

पुढं आम्ही दर पोळ्याला त्याच घरी जात राहिलो. त्या वस्तीवर आम्हाला बनियनवाले पाहुणे म्हणतात, आणि माझा नवरा बढती होऊन सुपरवायझर झाल्यावरही त्यात फरक पडला नाही. दुसऱ्याच वर्षी श्रावणात त्यांचा निरोप आला होता: यंदा कापूस नाही, मका लावलाय. निरोप म्हाताऱ्यानं सहज, पीकपाणी कळावं म्हणून धाडला असावा. सासूबाईंनी मात्र आमच्याकडं मुक्काम ठोकून त्या महिन्यात आम्हाला रोज मका खायला लावला. भाजलेली कणसं, मक्याची भाकरी, मक्याच्या कण्या. नवऱ्याच्या डब्यातही मकाच. पोळ्याला आम्ही पोहोचलो तेव्हा म्हाताऱ्यानं काही विचारलं नाही, बैल सरळ पुढं आणला. सासूबाई पोळी हातात धरून थांबल्या. कोणता मका, कुठून आणला, कुणी किती खाल्ला, सगळं त्यांनी त्याला सांगितलं. त्यानं मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकून घेतलं, मग बैलाची वेसण सैल केली.