येसूचा ळ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, पोटच्या लेकीलाही नाही. आजच का सांगावंसं वाटतंय, तेही धड कळत नाही — बसलं तर बसवत नाही, कामात जीव लागत नाही. तेव्हा सांगूनच टाकते.

येसूला तुम्ही पाहिलं असेल. नाव आठवणार नाही. बोलपटातल्या मोलकरणीचं नाव कोण लक्षात ठेवतं? पण केरसुणी घेऊन येणारी, दारातून डोकावून काहीतरी बोलणारी आणि सगळ्यांना हसवून जाणारी — ती आमची येसू. सोनगीरची. आम्ही दोघी एका नाटक कंपनीत होतो, राणीच्या मागे सख्या म्हणून उभ्या राहायचो. राणीचं काम आज ना उद्या मलाच मिळणार, हे मी धरूनच चालले होते.

जळगावच्या मुक्कामात राणी करणारी बाई तापाने पडली. मालक नानांनी काम दिलं कुणाला? येसूला. का, ते मला माहीत होतं. तालमीत ती रडायला लागली की पेटीवाल्याचे हात थांबायचे. माझ्यासाठी कधी कुणाचे थांबले? वर नाना मलाच म्हणाले, "तू धुळ्याची, शाळेत गेलेली. हिची जीभ तेवढी शुद्ध करून दे."

आमच्याकडे ळचा य होतो, ठाऊक आहे ना? डोळा म्हणजे डोया, काळीज म्हणजे कायीज. येसूला त्यातला फरक ऐकूच यायचा नाही. मी एकेक शब्द घोटून घेतला. डोळा, वेळ, काळीज — बिचारी जेवतानाही पुटपुटायची. किती इमानाने शिकत होती! आणि मी — मी एक शब्द सोडला. शेवटच्या प्रवेशात राणी मेलेलं मूल मांडीवर घेऊन हंबरडा फोडते, तिथला. विसरले नव्हते हो. सोडला.

"माझं बाय!" येसूने टाहो फोडला. पुढच्या रांगेत कुणीतरी खिदळलं, आणि मग सगळा तंबू हसत सुटला. घरी डोया-कायीज म्हणणारेच जास्त हसले. येसूला वाटलं, आवाज पोचला नाही. ती आणखी जोरात ओरडली, "माझं बाय!"

दुसऱ्या दिवशी राणी मी झाले. येसूला मोलकरणीचं काम दिलं. ती इतकी गाजली की पुढे बोलपटवाले तिला घेऊन गेले आणि जन्मभर तेच काम देत राहिले. तुम्ही म्हणाल, मग तिचं भलंच झालं की! मीही स्वतःला हेच सांगत आले. पण तिला हसवायचं कुठे होतं? एकदा, निदान एकदा तरी, तिला लोकांना रडवायचं होतं.

मध्यंतरी ती देवपुरात माझ्या घरी आली. शेजारच्या बायका तिला बघायला जमल्या. एकीने विचारलं, आईचं, रडायचं काम तुम्ही कधीच का नाही केलं? येसू हसली.

"मना चेहराच हासरा शे, बाई. मी रडस तं लोके हासतंस. अक्कानी माले त्याच राती सांगं, नही तं मी उगाच आस धरीसन बसतू."

हो, मीच सांगितलं होतं. त्या रात्री पडद्यामागे तिने मला विचारलं होतं, लोक का हसले. तेव्हा तिच्या हनुवटीला हात लावून मी म्हणाले होते — तुझा चेहराच हसरा ग, येसू, रडणं तुला शोभायचं नाही.

बायका गेल्या. आम्ही दोघीच उरलो. सांगायला अख्खी दुपार होती. मी तिला विचारलं, चहात आणखी साखर घालू का.