जुना नंबर जमा

एकतीस वर्षं कारखान्याचं स्टोअर सांभाळलेल्या या गृहस्थांना नाव होतंच, पण ते फक्त पगाराच्या चिठ्ठीवर. बाकी सगळे त्यांना 'आधीजमा' म्हणायचे. कामगार खिडकीशी येऊन हातमोजे मागू लागला की आतून आवाज यायचा, "आधी जमा!" म्हणजे फाटके मोजे खिडकीत ठेवा, मग नवे मिळतील. बोथट ड्रिल द्या, मग धारेचं ड्रिल घ्या. एकदा खुद्द मॅनेजरसाहेब नवी टॉर्च मागायला आले, तर त्यांनाही जुनी आणायला दोन जिने परत चढायला लावले होते. लोक हसत, करवादत, पण त्या स्टोअरमधला एक स्क्रू कधी इकडचा तिकडे झाला नाही. माणूस नाकासमोर चालणारा, आणि आपण नाकासमोर चालतो याचा जरा जास्तच तोरा असलेला.

हा कायदा त्यांनी घरी लावला नसता तर फार बरं झालं असतं. एकुलत्या एका मुलीला त्यांनी शब्द टाकून त्याच कारखान्याच्या हजेरी विभागात चिकटवली होती. दोन वर्षांनी एके दिवशी कुणाला न सांगता तिने ती नोकरी सोडली आणि गावोगाव फिरणाऱ्या एका नाटक कंपनीच्या कपडेपटात कामाला लागली. ती बॅग घेऊन दारात उभी राहिली तेव्हा आधीजमा ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "घराची किल्ली आधी ठेव, मग जा." तिने पर्समधून किल्ली काढली, टेबलावर ठेवली आणि गेली. याला अकरा वर्षं झाली.

त्यानंतर ती वर्षातून दोन-तीनदा फोन करायची. घरच्याच फोनवर, दुपारी, बाप कामावर असण्याच्या वेळी. आज या गावात, उद्या त्या गावात, म्हणून पत्ता नाही. नंबर मागितला तर म्हणायची, "मीच करीन गं आई." आधीजमांकडे मोबाइल होता, पण तो नंबर द्यायची आईला हिंमत झाली नाही आणि घ्यायची मुलीला इच्छा झाली नाही. आधीजमा निवृत्त होऊन घरी बसले तेव्हा कधी कधी फोन त्यांच्याच हाती लागे. मग पलीकडे नुसती शांतता. तेही बोलत नसत. तीन-चार सेकंद तिचा श्वास ऐकू यायचा, मग फोन कट. बायकोला ते सांगायचे, "राँग नंबर." पण त्या तीन-चार सेकंदांवर त्यांचे पुढचे कित्येक महिने निघत, हे खरं.

अशात टेलिफोन कंपनीचं पत्र आलं. या भागातली तांब्याची लाईन तीन महिन्यांत बंद होणार, ग्राहकांनी इंटरनेटवर चालणारा फोन घ्यावा, हवा त्या कंपनीचा घ्यावा.

बायकोने पत्र दोनदा वाचलं. "काय घ्यायचं ते घ्या," ती म्हणाली, "नंबर तेवढा तोच राहू द्या."

"तोच राहणार."

"मी काय म्हणते, त्या पोरीला दुसरा कुठला नंबर माहीत नाही."

"अगं, कळतं मला."

कळत होतं म्हणूनच त्यांनी कामाला हात घातला तो स्टोअरकीपरच्या शिस्तीने. रेघांच्या कागदावर तीन कंपन्या ओळीने मांडल्या. प्रत्येकीच्या दुकानात दोनदा जाऊन आले. वीज गेली तर फोन चालतो का? चालत नाही, बॅटरीचा वेगळा डबा घ्यावा लागतो. जुनं यंत्र चालेल का? चालेल, मध्ये एक छोटी पेटी बसवावी लागेल. पहिल्या कंपनीचा विक्रेता तर फोनवर चेहरा कसा दिसतो, बिल कसं दिसतं, गाणी कशी वाजतात असं काय काय ऐकवत सुटला. आधीजमांनी विचारलं, "घंटी वाजते ना?" तो म्हणाला, "हो." "मग पुढचं सांगा, नंबर तोच राहतो का?" तिघांनीही सांगितलं, राहतो. दुसऱ्या कंपनीत बोलणं अर्धवट तुटत होतं, पहिलीचा विक्रेता फार बोलत होता, म्हणून तिसरी पक्की केली. तिथल्या काउंटरवरची मुलगी हसतमुख होती. "सोमवारी या काका, फॉर्म भरून टाकू."

मध्ये शनिवार होता. आणि जन्मभराची खोड कुठे जाणार? जुनं जमा न करता नवं मागायचं, हे आधीजमांच्या रक्तातच नव्हतं. शनिवारी सकाळी त्यांनी यंत्र पुसलं, वायर गुंडाळून तिला रबर लावला आणि पिशवीत घालून जुन्या कंपनीचं ऑफिस गाठलं. लाईन सरेंडर करण्याचा अर्ज सुवाच्य अक्षरात लिहिला. कारकुनाने यंत्र उलटसुलट करून पाहिलं.

"लोक वायर तोडून यंत्र भंगारात घालतात हो," तो म्हणाला. "तुमच्यासारखी माणसं राहिली नाहीत." आणि त्याने शिक्का मारून पावती दिली.

खरं सांगायचं तर हे ऐकून आधीजमा खूश झाले. घरी आल्यावर बायकोलाही सांगितलं.

सोमवारी त्यांनी ती पावती नव्या कंपनीच्या काउंटरवर ठेवली, वर्गात पहिलं उत्तर आपलंच आलंय अशा थाटात. तिथल्या मुलीने पावती वाचली आणि तिचं हसू मावळलं.

"काका, हे काय करून बसलात? लाईन बंद केलीत?"

"जुनी जमा केली. आता नवी द्या."

"अहो, चालू लाईनवरूनच नंबर उचलता येतो. आम्ही तो इकडे घेतला की जुनी आपोआप बंद होते. तुम्ही बंद केलीत म्हणजे नंबर त्यांच्याकडे परत गेला. आता तो तुमचा राहिलाच नाही."

तसेच पळत आधीजमा जुन्या ऑफिसात गेले. पुढचे पंधरा दिवस खेटे घातले. या खिडकीवरून त्या खिडकीवर, त्या साहेबाकडून या साहेबाकडे. सगळ्यांचं उत्तर एकच. ग्राहकाने स्वतः, स्वतःच्या सहीने सोडलेला नंबर परत मिळत नाही. काही महिन्यांनी तो दुसऱ्या कोणाला तरी दिला जाईल. सही सुवाच्य होती, त्यात शंकेला जागाच नव्हती.

बायको एक दिवस भांडी पुसता पुसता म्हणाली, "तुम्ही नेहमी आधी बंद करता, विचार मागाहून." आवाज चढवला असता तर त्यांना उत्तर तरी देता आलं असतं.

नाटक कंपनीचा शोध घेऊन झाला. ती केव्हाच मोडली होती. नवा फोन आला, नवा नंबर आला, तो चांगला चालायचा. त्यावरून आधीजमा रोज दुपारी जुना नंबर फिरवत. 'हा नंबर अस्तित्वात नाही,' असं एक बाई गोड आवाजात सांगे. बायको स्वयंपाकघरातून विचारायची, "लागला?" ते म्हणायचे, "नाही."

सात महिन्यांनी एका दुपारी पलीकडे घंटी वाजली. तिकडे कोणीतरी उचललं.

"दातांचा दवाखाना, बोला."

हा नंबर आधी आपला होता, आपल्या मुलीचा फोन येऊ शकतो, असं आधीजमांनी कसंबसं सांगितलं.

"अच्छा, तुमचा होता होय?" बाई म्हणाली. "आला होता तिचा, काल संध्याकाळीच, आमचा फोन चालू झाला आणि लगेच. आई आहे का म्हणाली. मी म्हटलं, इथे आई वगैरे नाही, दवाखाना आहे. तर विचारते, आधीची माणसं कुठे गेली? आता मला काय माहीत? मी म्हटलं, बाई, आधीचे कोणी उरले नसतील म्हणूनच नंबर आम्हाला दिला ना."

"असं म्हणालात?"

"सहज म्हटलं हो. समोर पेशंट होते. रडायलाच लागली. तिला विचारलं, तुमचा नंबर लिहून ठेवू का, तर म्हणाली, आता राहू दे, परत त्रास नाही देणार."

"तिचा नंबर आला असेल ना फोनवर?"

"नाही हो, तो लपवलेला होता. तुमचा देऊन ठेवा. केलाच तर सांगेन."

आधीजमांनी नवा नंबर सांगितला, एकेक आकडा सावकाश, आणि त्या बाईकडून परत म्हणवून घेतला. मग रिसीव्हर ठेवला. त्यांना रडायचं होतं, पण आत बायको होती.

"आज बराच वेळ बोलत होतात," ती दारात येऊन म्हणाली. तिचा चेहरा पाहून त्यांनी मान वळवली. "लागला का?"

जन्मात खोटी नोंद न केलेला तो माणूस म्हणाला, "नाही. कंपनीवाल्यांशी बोलत होतो. अजून कोणालाच दिलेला नाही म्हणतात."

"मग बरंय," बायको म्हणाली. "तिने लावलाच तर नंबर बदललाय एवढं कळेल तिला. निदान भलतंसलतं मनात येणार नाही."

त्यानंतर आधीजमांनी तो नंबर कधीच फिरवला नाही. पण रोज दुपारी ते फोनपाशी जाऊन रिसीव्हर कानाला लावतात, थोडा वेळ तसेच थांबतात, आणि स्वयंपाकघरातून प्रश्न आला की सांगतात, "आजही नाही लागला."