मोजणीदारांचे वाटीकेक

मोजल्याशिवाय जगातली कुठलीही गोष्ट खरी मानायची नाही, असं व्रत घेतलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो नेमका आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होता. खालापूरच्या प्राथमिक शाळेत मी शिकवत होते तेव्हाची ही गोष्ट. हे गृहस्थ जमीन मोजणीच्या कचेरीत होते. पन्नाशीचे, एकटे, बांबूसारखे सरळ. सारं गाव त्यांना मोजणीदार म्हणायचं. दिवसभर लोकांच्या शेतात साखळी ओढून आले तरी त्यांची हौस फिटत नसे. संध्याकाळी ते दोरीला गाठी मारून आळीतल्या विहिरीचं पाणी किती खाली गेलं ते बघत. भिंतीवर दुधीचा वेल चढला की रोज सकाळी त्याच्या शेंड्याशी खडूची रेघ मारत. एकदा मला लोधिवलीला जायचं होतं म्हणून सहज विचारलं, "इथून किती लांब असेल हो?" तर म्हणाले, "कुणाच्या पावलांनी?" 'थोडं', 'जरासं', 'अंदाजे' या शब्दांचा त्यांना मनापासून राग होता. असल्या शब्दांपायीच भाऊभाऊ कोर्टात जातात, म्हणायचे. आळीतली मुलं त्यांना टरकून असत, कारण दिसेल त्या पोराला दाराच्या चौकटीशी उभं करून ते त्याची उंची घेत आणि "मागल्या महिन्यापासून काही प्रगती नाही" असं गंभीरपणे सुनावत.

माझे यजमान मुंबईला नोकरीला, शनिवारी घरी यायचे. एका सोमवारी सकाळी तार आली. पोटाचं ऑपरेशन, ताबडतोब निघा. सात वर्षांचा नंदू आणि चार पूर्ण व्हायला तीन दिवस उरलेली छबी, दोघांना ठेवायचं कुठे? पोशीरला नणंद होती, पण तिच्या घरी गोवर आलेला. मी पिशवी भरून दारात उभी होते. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं.

"बाई, मुलं राहू द्या माझ्याकडे," मोजणीदार म्हणाले.

"अहो, पण तुम्हाला जमेल?"

"जेवतात किती, तेवढं सांगा."

"नंदू दोन पोळ्या, छबी अर्धी."

"अर्धी म्हणजे केवढ्या पोळीची?"

तसल्या वेळीही मला रडता रडता हसू आलं. मुलं त्यांच्या हवाली करून मी बस पकडली.

पुढचं सगळं मला नंदूनं सांगितलं. छबीनं दोन दिवस तोंडच उघडलं नाही, ना जेवायला ना बोलायला. तिच्या वाढदिवसाला बाबा मुंबईहून छोटे केक आणणार होते, कागदाच्या वाटीतले, वर गुलाबी साखर असलेले. ते आता येणार नाहीत, एवढंच तिनं नंदूच्या कानात सांगितलं आणि त्यानं ते मोजणीदारांना. मोजणीदारांनी अर्ज मंजूर केल्यासारखी मान हलवली, रजा टाकली आणि दोघांना घेऊन कर्जतला एका बेकरीवाल्याकडे गेले. तो म्हणाला, मैदा, लोणी, साखर, अंडी घ्या आणि सोडा चिमूटभर. "कुणाची चिमूट?" म्हणून यांनी इतका वाद घातला की अखेर त्यानं स्वतःची चिमूट पुडीत बांधून दिली. अंड्याला तर या माणसानं जन्मात हात लावला नव्हता. डोंगरातल्या वाडीवरून एक म्हातारी अंडी विकायला येई. तिच्याकडून चार अंडी घेताना यांनी ती रुमालात, हात लांब करून धरली, तेव्हा ती म्हणाली, "आरं भाऊ, अंडी हायती ती, इंचू नाय!"

शेगडीवर वाळू घातलेला पत्र्याचा डबा, वर निखाऱ्यांचं ताट, आत तूप लावलेल्या सहा जर्मन धातूच्या वाट्या. पहिला घाणा फसला, कारण केक किती फुगले ते बघायला मोजणीदार दर दोन मिनिटांनी झाकण काढून आत फूटपट्टी घालत. सहाच्या सहा केक खाली बसले. नंदू भीत भीत म्हणाला, "काका, भात शिजताना आई झाकण काढू देत नाय." मोजणीदारांनी विचार केला आणि दुसऱ्या घाण्याला ते डब्याकडे पाठ करून, हाताची घडी घालून बसले. घरभर वास सुटेपर्यंत वळले नाहीत.

मग सजावट. पिठीसाखर, लिंबाचा रस, मिठाईवाल्याकडचा गुलाबी रंग, आणि ते सगळं भरायला कागदाचा शंकू. मोजणीदारांनी प्रत्येक केकवर साखरेची बारीक हद्द आखली, उत्तर दिशेचा बाणसुद्धा काढला. बडीशेपेच्या रंगीत गोळ्या मुलांपुढे ठेवून त्यांनी बजावलं, गोळ्या हद्दीच्या आतच लावायच्या. छबीनं पहिलीच गोळी रेघेबाहेर ठेवली.

"अतिक्रमण!" मोजणीदार ओरडले.

छबी दचकली. त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली आणि तीन दिवसांत पहिल्यांदा खुदकन हसली. मग मुद्दाम दुसरी गोळी बाहेर. "अतिक्रमण!" मग तिसरी. थोड्या वेळानं गोळ्या ताटात, पाटावर, मोजणीदारांच्या टकलावरही होत्या, आणि तो गंभीर माणूस डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसत होता. त्या दिवशी छबीनं अडीच केक खाल्ले. अडीच हा आकडा त्यांनीच मला सांगितला.

यजमानांचा धोका टळल्यावर, नवव्या दिवशी मी परतले. बघते तर शेगडीवर डबा, मोजणीदारांच्या कपाळाला मैदा आणि छबी त्यांच्या पाठीवर. मी आभार मानायला तोंड उघडलं, तर मला थांबवून म्हणाले, "बाई, पोरं रविवारची पाठवाल का माझ्याकडे? तुमची काही अडचण नसेल तर." हे बोलताना ते माझ्याकडे बघत नव्हते, शेगडीतली राख उकरत होते. मी "हो" म्हटलं आणि पिशवी खाली ठेवली.

त्यानंतर दोन वर्षं दर रविवारी आमच्या आळीत लोण्या-साखरेचा वास दरवळायचा. टरकणारी पोरं आपापली वाटी घेऊन त्यांच्या दारात रांग लावायची. मग त्यांची अलिबागकडे बदली झाली. जाताना त्यांनी पत्ता दिला होता. तो मी कुठे ठेवला, ते आज आठवत नाही. पुढे कितीजणांचे मी रीतसर आभार मानले, पत्रं लिहिली. ज्या माणसानं माझं घर नऊ दिवस सावरून धरलं, त्याचे मात्र राहिलेच.

त्यांची खोली बरेच दिवस रिकामी होती. रविवारी दुपारी छबी तिथल्या ओट्यावर जाऊन बसे. मी तिला बोलवायला म्हणून जाई, पण हाक न मारता तिच्या शेजारी टेकत असे. मग आम्ही दोघी तिथेच बसून राहायचो.