‘भ’चा ‘न’ झाला तेव्हा

दाढीला साबण लावून आरशासमोर उभा होतो, तेव्हा रुखसानाचा, यूसुफभाईंच्या मुलीचा, फोन आला. “सर, अब्बा गेले.” मी विचारलं, “कुठे? परत कधी येतील?” ...तेहेतीस वर्षं मराठी शिकवलेल्या माणसाला ‘गेले’ या क्रियापदाचा अर्थ लागायला पलीकडचा हुंदका ऐकावा लागला.

यूसुफभाई मूळचे पाट्या रंगवणारे पेंटर. पुढे ते हाताने शुभेच्छापत्रं करू लागले. जुन्या कॅलेंडरांवरची, काडेपेट्यांवरची, साड्यांच्या खोक्यांवरची चित्रं रद्दीतून हुडकायची, पात्याने नेमकी कापून जाड कागदावर चिकटवायची आणि खाली जुन्या दुकानाच्या पाटीसारखी गुबगुबीत, लाल सावलीची अक्षरं काढायची. मजकूर माझा. त्यांची शाळा उर्दू, मराठी बोलायचे फर्डं, पण लिहायची वेळ आली की म्हणायचे, “तुमी लिवून द्या सर, मी काढतो.” काढतो म्हणजे चित्र काढतात तसं. माझ्या चिठ्ठीतलं टिंबसुद्धा ते हलवत नसत. आणि माझं अक्षर असं, की फळ्याकडे बघून मुलं विचारायची, “सर, मुंगळे कुठनं आले?” म्हणजे धोका पहिल्या दिवसापासून होता. दिसत नव्हता तो फक्त मला.

त्यांचे उस्ताद गुंडप्पा पेंटर, अक्कलकोटकडचे. सगळे त्यांना अण्णा म्हणत. यूसुफभाईंनी ब्रश टाकून फ्लेक्स छापायच्या यंत्रात भागीदारी केली, त्या दिवशी अण्णा म्हणाले, “मला तोंड दाखवू नको.” अकरा वर्षं दोघांनी ते पाळलं. यूसुफभाई यंत्र सोडून पुन्हा हाताच्या अक्षरांकडे आले, तरी बार्शीला, मुलीकडे राहणाऱ्या अण्णांसमोर जायचा धीर त्यांना झाला नाही. अण्णांची पंचाहत्तरी आल्याचं कळलं, तेव्हा यूसुफभाईंनी एक कार्ड करायला घेतलं. त्यासाठी टांग्याचं जुनं चित्र शोधलं, कारण अण्णांनी तरुणपणी टांगे रंगवले होते. “एवढं त्यांनी घेतलं तर घेतलं, सर. न्हाईतर पुन्ना इचारायचं न्हाय.”

ते साधं ‘वाढदिवसाच्या शुभेच्छा’ लिहा म्हणत होते. पण माझ्यातला मास्तर गप्प बसेल तर ना! “यूसुफभाई, पंचाहत्तरीला ‘अभीष्टचिंतन’ लागतं. म्हणजे भलं चिंतणं.”

“लई जड हाय की.”

“जडच पाहिजे,” असं म्हणून मी झर्रकन चिठ्ठी लिहून दिली.

वाढदिवसाच्या सकाळी त्यांनी बार्शीला निघालेल्या शेजाऱ्याच्या हाती कार्ड दिलं आणि माझ्याकडे येऊन मोबाइलवर त्याचा फोटो दाखवला. सुरेख उतरलं होतं. टांगा, घोड्याचा तुरा, आणि खाली ठसठशीत... ‘हार्दिक अनीष्टचिंतन’. माझ्या घाईतल्या ‘भ’चा त्यांनी इमानेइतबारे ‘न’ काढला होता. अकरा वर्षं रुसलेल्या गुरूला शिष्याने लाल सावलीच्या अक्षरांत कळवलं होतं, की तुमचं वाईट होवो.

“छान आहे,” मी म्हणालो. खरंच, असंच म्हणालो! मग चहाचा कप खाली ठेवला आणि सांगितलं. त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला. “सर, अण्णा एकेक अक्षर बोट लावून वाचत्यात.”

शेजाऱ्याचा फोन लागेना. आम्ही मिळेल ती एसटी धरली. यूसुफभाई समोरच्या सीटचा दांडा आवळून बसले होते. आणि मी? मी व्याकरण सांगत होतो! “‘अनिष्ट’मधला ‘नि’ ऱ्हस्व. तुम्ही दीर्घ काढलाय. म्हणजे तसा तो शब्दच होत नाही...” वाटेत, वैरागच्या अलीकडे ते म्हणाले, “सर, आता गप बसा.” इतक्या वर्षांत ते मला एवढंच कडक बोलले.

अण्णा आत, दारासमोरच खुर्चीत बसले होते. मांडीवर कार्ड, हातात भिंग. कार्ड नेणारा शेजारी आमच्या आधी पोचला होता.

“यूसुफ्या, माझं वाईट चिंतलंस, आन् आता ते कुटवर आलंय बघायला आलास व्हय?”

यूसुफभाई उंबऱ्याबाहेरच थांबले. मी पुढे झालो. “अण्णा, चूक माझी. मी मराठीचा शिक्षक...”

“मग तर तुमी बोलूच नका.”

“अण्णा,” यूसुफभाई कसेबसे म्हणाले, “चिठ्ठीत दिसलं तसंच्या तसं काढलं.”

“तितंच चुकलास. काढायच्या आदी शब्द तोंडात घोळवायचा, शिकवलं न्हवतं? सगळ्यांच्या डोक्यावरनं सरसकट रेघ ओढून मोकळा. यंत्र ओढतं तशी!”

‘यंत्र’ हा शब्द खोलीत तसाच राहिला. माझी नजर दाराबाहेरच्या आमच्या चपलांवर होती. लगेच घालाव्या लागणार, अशी माझी खात्री झाली होती. मग अण्णांनी आत मुलीला हाक मारली, “पातं आण गं. आन् बारका ब्रश.”

त्यांनी ‘न’च्या डोक्यावरची रेघ खरवडली. ‘भ’चं डोकं उघडं ठेवायचं असतं. मग डाव्या अंगाला वरून एक आकडी आणून गाठीला मिळवायची होती, पण हात थरथरत होता आणि कार्ड मांडीवरून निसटत होतं. “बघत काय हुबा ऱ्हायलास? धर की!” यूसुफभाई उंबरा ओलांडून आत गेले, गुडघ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी कार्डाचे कोपरे धरले. आकडी वाकडी आली. अण्णांच्या आयुष्यातली ती सगळ्यात वाईट आकडी असावी... यूसुफभाई मान खाली घालून, रंग वाळेपर्यंत कोपरे धरून बसले होते.

त्यानंतर यूसुफभाई शिरोरेषा सगळ्यात शेवटी ओढू लागले, तीही मी जाऊन शब्द मोठ्याने वाचून दाखवल्यावर. तोवर अक्षरं बिनरेघेची लटकत राहायची. मी पक्का आळशी, “उद्या येतो” म्हणायचो. ते थांबायचे.

परवा त्यांच्या खोलीत गेलो. टेबलावर एक कार्ड होतं. साडीच्या खोक्यावरचा मोर, त्याच्या खाली दोन शब्द, बिनरेघेचे. रुखसाना म्हणाली, “जायच्या आदल्या दिवशी तुमी उद्या येतो म्हणला होता. अब्बा थांबले होते.”

मी चष्मा पुसला आणि एकेका अक्षराला बोट लावत मोठ्याने वाचलं, “खु... शा... ल... रा... हा.”

“बरोबर आहे, यूसुफभाई,” मी म्हणालो. “ओढा.”