तिसऱ्या क्वार्टरला बंद होणारी मॅच

कोच काल गेले.

हरलो आहोत असं समजूनच गेले.

कालपासून सगळे त्यांचा एकच फोटो शेअर करताहेत. केसांत, कोटावर रंगीत कागदाचे तुकडे, हातात ट्रॉफी, तोंड उघडं. फोटो खरा आहे. पण पार्सिपनी गावातल्या आमच्या घरात जे कोच राहत होते, त्यांना त्या फोटोतला माणूस ओळखता येत नव्हता.

कोच म्हणजे माझे सासरे. डॅनचे वडील.

लग्नानंतर त्यांना हाक काय मारायची हा मला मोठा प्रश्न होता. इथे सुना सासऱ्यांना सरळ नावाने बोलावतात. मला ते जमेना. एकदा भीत भीत 'बाबा' म्हटलं.

"माझा स्वतःचा मुलगा मला कोच म्हणतो," ते म्हणाले. "तुला कशाला स्पेशल ट्रीटमेंट?"

मग मीही कोच म्हणायला लागले.

सुरुवातीला ते हायस्कूलमध्ये पीटी शिकवायचे. टीमची बसही स्वतःच चालवायचे. मग कॉलेज, मग प्रोफेशनल बास्केटबॉलमध्ये बरीच वर्षं असिस्टंट. केस पांढरे झाल्यावर हेड कोच झाले आणि चॅम्पियनशिप जिंकले.

पुढच्याच सीझनमध्ये टीम हरत गेली आणि त्यांना काढलं. फोन आला तेव्हा ते ग्रोसरी घेऊन पार्किंग लॉटमध्ये होते. पिशवीत आइस्क्रीम होतं. घरी आणेपर्यंत त्याचं पाणी झालं होतं, इतका वेळ ते गाडीतच बसून राहिले. हे मला सासूबाईंनी सांगितलं.

त्यानंतर कुठल्याच टीमने त्यांना बोलावलं नाही.

सासूबाई गेल्या. मग कोचना डिमेन्शिया, म्हणजे विसरण्याचा आजार सुरू झाला, तेव्हा आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं.

आजार एकेक गोष्ट नेत गेला. माझं नाव गेलं. डॅनचं गेलं. चॅम्पियनशिप गेली.

हरलेल्या मॅचेस मात्र राहिल्या.

रोज जेवताना विचारायचे, "उद्या कोणाशी आहे?"

मॅच नाही म्हटलं की घाबरायचे. "शेड्यूल कोणी बदललं? मला का नाही सांगितलं?"

म्हणून मी कुठल्यातरी शहराचं नाव सांगायची. शिकागो. डेन्व्हर. मग टेबलावर चमचे, मिठाची बाटली मांडून प्लॅन सुरू व्हायचा. वरणाची वाटी कायम सेंटरला खेळायची. जेवण गार व्हायचं.

डॅनला एवढंच हवं होतं की आपण जिंकलो होतो, हे त्यांना एकदा तरी कळावं.

दर रविवारी तो त्या फायनलचं रेकॉर्डिंग लावायचा. चारपैकी तिसऱ्या क्वार्टरमध्ये कोचची टीम खूप मागे होती. मॅच तिथे आली की कोच रिमोट घ्यायचे आणि टीव्ही बंद करायचे.

"गेली ही."

"कोच, पुढे बघा ना. प्लीज."

"मी जन्मभर हेच केलंय. हरणारी टीम मला कळते."

एकदा डॅनने फक्त शेवटची दोन मिनिटं लावली. स्क्रीनवर खेळाडूंनी कोचना खांद्यावर उचललं.

"हा म्हातारा कोण?"

"तुम्ही, कोच."

ते हसले. मग डॅनच्या गुडघ्यावर थोपटून म्हणाले, "बिचारा. पुढच्या वर्षी काढतील त्याला."

डॅन उठून गराजमध्ये गेला. मी त्याच्या मागे गेले नाही.

गेल्या उन्हाळ्यात माझी आई साताऱ्याहून आली. बास्केटबॉल तिने कधी बघितला नव्हता. मी ऑफिसच्या कॉलवर होते आणि ती कोचबरोबर सोफ्यावर बसून तीच मॅच बघत होती. तिसरा क्वार्टर आला. कोचनी रिमोट उचलला.

"अहो व्याही, बंद काय करताय? बघू द्या की!" आईने रिमोट हातातून काढूनच घेतला.

पाहुणी म्हणून कोचनी तो परत मागितला नाही.

आई प्रत्येक बास्केटला टाळ्या वाजवत होती, समोरच्या टीमच्यासुद्धा. "त्या उंच पोराला द्या की बॉल! ऐकतील तर शपथ, मेले!" कोचना एक शब्द कळत नव्हता, तरी मान डोलवत होते.

मी कॉल म्यूट केला आणि डॅनला मेसेज केला. तो वरच्या खोलीतून धावत आला. आम्ही दोघं दारात उभे राहिलो.

पहिल्यांदाच मॅच शेवटपर्यंत चालली. हॉर्न वाजला. कागद उडाले.

"जिंकलो की हो आपण!" आईने कोचचा हात धरून जोरजोरात हलवला.

"काय म्हणतेय ती?" कोचनी मला विचारलं.

"म्हणतेय, आपण जिंकलो. तुम्ही जिंकलात, कोच."

ते आईकडे बघत राहिले. हसले. डॅनने माझा दंड घट्ट धरला होता.

मग कोच माझ्याकडे झुकले आणि हळूच म्हणाले,

"चांगली बाई आहे. तिला खरं सांगू नकोस."

डॅनने ती मॅच पुन्हा कधी लावली नाही.

नंतर नंतर चमचे मांडणं थांबलं. उद्या कोणाशी, हे विचारणंही थांबलं. शेवटचे काही आठवडे ते नुसते भिंतीकडे बघायचे, चेहरा तिसऱ्या क्वार्टरचा.

लोक मेसेज करताहेत की आता त्यांना सगळं आठवत असेल. मला तसं वाटत नाही. वाटलं असतं तर बरं झालं असतं.

काल आईचा फोन आला. रडत होती.

"पण त्या दिवशी किती खूश होते गं! मॅच जिंकली तेव्हा."

मी हो म्हटलं. कोचनी सांगून ठेवलं होतं ना. आई फेसबुकवर नाही, म्हणून इथे लिहितेय.

तुमच्याशी मात्र मी रोज खोटं बोलले, कोच. शिकागो नव्हतं. डेन्व्हर नव्हतं.

उद्या कोणाशीच नाही.

तुमच्या सुनेचा शेवटचा नमस्कार.